बग रिपोर्ट लिहिताना: दिसलं ते आधी, वाटलं ते नंतर

"नावात रफार आला की प्रोग्राम बंद पडतो."

काही वर्षांपूर्वी एका छोट्या मुक्तस्रोत प्रोग्रामबद्दल मी जो पहिला बग रिपोर्ट पाठवला, त्याचं हे शीर्षक. खाली दोन ओळींची तक्रार आणि शेवटी "कृपया लवकर दुरुस्त करा." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "रफार असलेली चार नावं घालून पाहिली. आमच्याकडे चालतंय." आणि इश्यू (तक्रारीची नोंद) बंद. मी चिडलो. माझ्या डोळ्यांदेखत प्रोग्राम पडत होता आणि ही मंडळी चालतंय म्हणत होती.

राग ओसरल्यावर त्यांनी वापरलेली नावं पाहिली. त्यात 'सर्वेश' होतं. माझ्या यादीत 'पार्वती' होतं. दोन्हींत रफार, पण माझ्याच मशीनवर सर्वेश बिनबोभाट आत गेला आणि पार्वतीला प्रोग्राम कोसळला. म्हणजे रफाराचा काही संबंधच नव्हता. प्रोग्राम पडतो हे मी पाहिलं होतं आणि ते खरं होतं. रफारामुळे पडतो असं मला वाटलं होतं आणि ते चूक होतं. गंमत अशी की, पाहिलेलं मी रिपोर्टात लिहिलंच नाही, वाटलेलं तेवढं लिहिलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ही सरमिसळ टाळायची कशी, ते पुढे क्रमाने सांगतो. प्रोग्रामिंग येत असेल तर उत्तम, पण यातलं बरंचसं नुसत्या वापरणाऱ्यालाही जमतं.

कळवण्याआधीचा अर्धा तास

पहिलं काम म्हणजे आवृत्ती. तुमच्याकडची नेमकी आवृत्ती लिहून ठेवा आणि सर्वांत नव्या आवृत्तीवर तेच घडतं का, ते पाहा. लिनक्सच्या पॅकेजमधून आलेला प्रोग्राम बऱ्याचदा मूळ प्रकल्पापेक्षा कितीतरी मागे असतो, आणि तुमचा बग तिकडे केव्हाच सुटलेला असू शकतो. नवी आवृत्ती बसवणं शक्य नसेल तर तसं रिपोर्टात सांगा, त्यात कमीपणा नाही. मात्र आवृत्तीच्या जागी 'लेटेस्ट' असं कधीही लिहू नका. आजचं लेटेस्ट पुढच्या आठवड्यात जुनं होतं आणि सहा महिन्यांनी रिपोर्ट उघडणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

दुसरं काम, आपली सजावट उतरवणं. प्लगइन, एक्स्टेंशन, स्वतःची सेटिंगची फाइल या सगळ्याशिवाय प्रोग्राम चालवून पाहा. फायरफॉक्समध्ये यासाठी ट्रबलशूट मोड आहे, इमॅक्स आणि विम या एडिटरांना 'इमॅक्स -क्यू' (क्यू कॅपिटल) आणि 'विम --क्लीन' हे आदेश. व्हीएस कोड या एडिटरमध्ये 'एक्स्टेंशन बायसेक्ट' नावाची सोय आहे. ती निम्मी एक्स्टेंशनं बंद करून "आता होतंय का?" असं विचारत विचारत दोषी एक्स्टेंशनपर्यंत नेऊन सोडते. दोष प्लगइनचा निघाला तर रिपोर्ट प्लगइनवाल्यांकडे जायला हवा.

तिसरं म्हणजे शोध. एरर मेसेजमधला जो भाग सगळ्यांना सारखाच दिसेल तेवढाच शोधा. तुमच्या फाइलचं नाव, वापरकर्त्याचं नाव, मेमरीचे पत्ते काढून टाका. बंद झालेल्या इश्यूंमध्येही शोधा, कारण उत्तर बहुधा तिथेच असतं. जुने प्रकल्प मध्येच घर बदलतात, हेही ध्यानात असू द्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने २०२२ मध्ये आपले सगळे बग स्वतःच्या जुन्या ट्रॅकरवरून (बगांच्या नोंदवहीवरून) गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर हलवले, तेव्हा क्रमांकही बदलले. जुन्या चर्चेत दिसलेला क्रमांक नव्या जागी तसाच टाकलात तर भलताच इश्यू उघडेल.

आणि चौथं, हा बग आहे ना? ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते हे पाहून चक्रावलेले लोक दरवर्षी नव्याने रिपोर्ट टाकतात. तो बायनरी (फक्त ० आणि १ वापरून साठवलेल्या) अपूर्णांकांचा स्वभाव आहे, अनेक भाषांमध्ये तसंच दिसतं. प्रोग्रामच्या दस्तऐवजात (डॉक्युमेंटेशनमध्ये) नेमकं काय कबूल केलंय ते एकदा वाचा. दस्तऐवज एक सांगतो आणि प्रोग्राम दुसरंच करतो, असं असेल तर तोही कळवण्याजोगाच बग आहे. मग चूक प्रोग्रामची असो की दस्तऐवजाची, ते त्यांना ठरवू द्या.

बग सोलून काढा

खरी मेहनत इथे आहे, आणि लोक नेमकी हीच टाळतात.

माझी मूळ फाइल सुमारे ४,००० ओळींची होती. प्रोग्राम एरर देऊन पडायचा, पण फाइलमधल्या कोणत्या ओळीवर ते सांगायचा नाही. अशा वेळी आधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. मग दुसऱ्या प्रतीतला अर्धा भाग उडवा. प्रोग्राम अजून पडतो का? पडत असेल तर राहिलेल्यातला पुन्हा अर्धा उडवा. पडत नसेल तर दोष उडवलेल्या भागात होता, तो परत घ्या. दोन्ही अर्धे पडत असतील तर कुठलाही एक ठेवा. ४,००० ओळींतून एका ओळीपर्यंत यायला अशा जेमतेम १२ पायऱ्या लागतात. एकेक ओळ काढत बसलात तर दिवस जाईल.

ओळ सापडली की ओळीतले रकाने उडवा. पत्ता गेला, तारीख गेली, तरी प्रोग्राम पडतोच. शेवटी माझ्या हातात एकच शब्द उरला, 'पार्वती'. रफाराची शंका इथेच आली आणि मी इथेच थांबलो. थांबायला नको होतं.

एक पडणारं उदाहरण मिळालं की त्याच्या अगदी जवळचं, पण न पडणारं उदाहरण शोधायचं असतं. दोघांमधला फरक बोलका असतो. दुसऱ्या खेपेला मी तेच केलं. 'सर्वेश' चाललं, 'विठ्ठल' चाललं. 'गजाननराव' पडलं, आणि त्यात तर एकही जोडाक्षर नाही. मग नावांची लांबी मोजली, डोळ्यांनी दिसणाऱ्या अक्षरांत नाही, यूनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतप्रणालीतल्या चिन्हांत. व्यंजन, मात्रा आणि हलन्त ही तिथे वेगवेगळी चिन्हं धरली जातात. सर्वेशमध्ये स, र, हलन्त, व, मात्रा, श अशी सहा. विठ्ठलमध्येही सहा. पार्वतीत सात, गजाननरावात आठ. म्हणजे सहापर्यंत ठीक, सातपासून गडबड.

तरीही एक नाव या नियमात बसेना. 'ग. पार्वती' हे पार्वतीपेक्षा लांब असून चाललं! आयात झालेलं नाव मात्र 'ग. पार्व' एवढंच होतं. नेमक्या या विसंगतीनेच कोडं सुटलं. यूटीएफ-८ या यूनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, टिंब आणि मोकळी जागा मात्र १-१ बाइट. प्रोग्राम नाव २० बाइटवर कापत होता. पार्वतीचे २१ बाइट, त्यामुळे कात्री शेवटच्या वेलांटीच्या पोटातून गेली आणि उरलेले दोन बाइट कोणतंच चिन्ह होईनात. 'ग. पार्व' चे बरोबर २० बाइट, म्हणून कात्री सांध्यावर बसली. नाव तुटलं, पण प्रोग्राम शाबूत. इंग्रजीच्या रोमन लिपीत एका अक्षराला एकच बाइट लागतो, तिथे शेपूट गुपचूप गळतं आणि कोसळत काही नाही. बनवणाऱ्यांना हा बग कधी दिसलाच नव्हता, यात नवल नाही.

प्रोग्राम स्वतः बदलल्यामुळे बग आला असेल, म्हणजे आधी चालणारी गोष्ट आता चालत नसेल, तर हीच अर्धं-अर्धं करण्याची रीत कोडच्या इतिहासावर वापरता येते. कोडचा इतिहास राखणाऱ्या गिटला 'गिट बायसेक्ट स्टार्ट' हा आदेश द्या, बिघडलेल्या कमिटला (इतिहासात नोंदवलेल्या बदलाला) 'बॅड' आणि पूर्वीच्या चांगल्या कमिटला 'गुड' म्हणा. गिट मधलं कमिट समोर ठेवतं, तुम्ही तपासून पुन्हा गुड किंवा बॅड सांगता. १,००० कमिटांतून दोषी कमिट साधारण १० पायऱ्यांत सापडतं. तपासणी एखाद्या स्क्रिप्टने होत असेल तर 'गिट बायसेक्ट रन' सगळं आपोआप करतं. स्क्रिप्टने शून्य परत केलं तर कमिट चांगलं, १२५ परत केलं तर "हे तपासता येत नाही, पुढे जा", आणि १ ते १२७ मधला दुसरा कुठलाही आकडा आला तर वाईट. "अमुक कमिटपासून बिघडलं" एवढं एक वाक्य रिपोर्टात असेल तर मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) अर्धा दिवस वाचतो. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तर आधी चालणारं बिघडवणं हाच मोठा गुन्हा मानतात, तेव्हा तिथे अशा वाक्याला विशेष वजन आहे.

कंपायलरचे (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचे) बग सोलायला सी-रिड्यूस नावाचं हत्यार आहे. हजारो ओळींचा सी प्रोग्राम ते स्वतःच कुरतडत कुरतडत काही ओळींवर आणतं. पण तुमच्या-माझ्या बहुतेक कामाला हातानं केलेली निम्मी-निम्मी पुरते.

आता लिहा

शीर्षक असं हवं, की ट्रॅकरच्या यादीत नुसतं तेवढं वाचून माणसाला "हा माझ्या भागातला बग आहे" हे कळावं. "प्रोग्राम चालत नाही", "तातडीचं!!", "मदत हवी" ही शीर्षकं नसल्यासारखीच. काय केल्यावर काय होतं, ते एका वाक्यात सांगा.

त्याखाली चार गोष्टी हव्यात: कशावर चालवलं, काय केलं, काय झालं आणि काय व्हायला हवं होतं. शेवटची गोष्ट उघड वाटते म्हणून लोक गाळतात. पण बरेच बग असे असतात, की मेंटेनरला समोरचं वागणं बरोबरच वाटत असतं. तुमची अपेक्षा कळेपर्यंत तुम्ही तक्रार कशाची करताय, हे त्याला समजत नाही. अंदाज असेल तर तो पाचवा, सगळ्यांत खाली, आणि 'अंदाज' असं नाव देऊन.

माझा दुसरा रिपोर्ट साधारण असा होता:

शीर्षक: सात किंवा अधिक चिन्हांचं देवनागरी नाव आयात करताना प्रोग्राम बंद पडतो

आवृत्ती: २.४.१, पायथन ३.८, उबुंटू २०.०४. मुख्य शाखेच्या आजच्या कमिटवरही तेच.

पायऱ्या:
१. सोबतची नावे.सीएसव्ही उतरवा. तिच्यात 'नाव' हा एकच रकाना आणि 'पार्वती' ही एकच नोंद आहे.
२. 'आयात नावे.सीएसव्ही' हा आदेश द्या.

झालं ते: प्रोग्राम बंद पडतो. शेवटची ओळ: "यूनिकोडडिकोडएरर: 'यूटीएफ-८' कोडेक कान्ट डिकोड बाइट्स इन पोझिशन १८-१९: अनएक्स्पेक्टेड एन्ड ऑफ डेटा". पूर्ण ट्रेस जोडला आहे.

व्हायला हवं होतं ते: 'पार्वती' ही नोंद आयात व्हावी. लांबीची मर्यादा असेल तर तसा स्पष्ट संदेश यावा.

आणखी निरीक्षणं: 'सर्वेश' आणि 'विठ्ठल' चालतात. 'गजाननराव' पडतं. 'ग. पार्वती' पडत नाही, पण 'ग. पार्व' एवढंच साठवलं जातं.

अंदाज: नाव चिन्हांच्या हिशेबाने न कापता २० बाइटवर कापलं जात असावं.

यात अंदाज बरोबर निघाला. चूक निघाला असता तरी वरच्या चार भागांची किंमत तसूभरही कमी झाली नसती, आणि रिपोर्ट तोलायची कसोटी माझ्या मते हीच आहे. अंदाजाची ओळ खोडून वाचून पाहा. मागे काहीच उरत नसेल तर ती नुसती कुरबुर आहे.

एका रिपोर्टात एकच बग. "शिवाय बटणाचा रंगही बरोबर नाही" हे दुसऱ्या इश्यूत. दोन बग एकाच ठिकाणी असले की एक सुटतो, इश्यू बंद होतो आणि दुसरा कायमचा गडप.

फाइल चिकटवू नका, जोडा. कॉपी-पेस्टमध्ये मजकूर नकळत बदलू शकतो. 'ऱ' हे अक्षर यूनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतं, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा दोन चिन्हांनी. डोळ्याला फरक दिसत नाही, पण माझ्यासारख्या बगमध्ये सहाचे सात व्हायला तेवढं पुरतं. न दिसणारे जोडक (अक्षरं जोडणारी चिन्हं), ओळीच्या शेवटची चिन्हं, टॅबच्या जागी आलेल्या मोकळ्या जागा, सगळ्यांची हीच कथा. मूळ फाइलमध्ये खासगी माहिती असेल तर बनावट नावं घाला. फक्त त्यानंतर बग अजून येतोय याची खात्री करा. नावं बदलल्यावर बग गेला, तर तोही एक धागाच.

लॉग आणि स्क्रीनशॉट

एरर मजकूर म्हणून द्या. टर्मिनलचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि निम्म्या वेळा महत्त्वाची ओळ त्याच्या वर राहून गेलेली असते. स्क्रीनशॉट फक्त दिसण्याच्या बगला: अक्षरं एकमेकांवर चढली, बटण खिडकीबाहेर गेलं, असं काही असेल तर.

ट्रेस (चुकीपर्यंत नेणाऱ्या कॉलांची यादी) पूर्ण द्या. पायथनमध्ये खरी चूक शेवटच्या ओळीत असते, पण ती तिथवर कशी पोचली ते वरच्या ओळी सांगतात. सी किंवा सी++ चा प्रोग्राम 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणून मरत असेल तर तो जीडीबी या दोष शोधायच्या साधनात चालवा आणि 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' चं उत्तर जोडा. त्यात नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर डीबग सिम्बॉल (फंक्शनांची नावं सांगणारी माहिती) बसवलेले नाहीत. ते आधी बसवा, नाहीतर त्या ट्रेसचा कुणालाच उपयोग नाही.

आणि पाठवण्याआधी लॉग (प्रोग्रामने लिहिलेली नोंद) एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पासवर्ड, टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली), ईमेल पत्ते, सर्व्हरची नावं त्यात सर्रास असतात. टोकन एकदा जाहीर झालं की नंतर मजकूर पुसून भागत नाही, ते रद्दच करावं लागतं.

कधी येतो, कधी येत नाही

तपासायला गेलं की पळणाऱ्या बगला 'हायझेनबग' म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांच्या १९८५ च्या एका लेखामुळे हा शब्द बराच पसरला. असे बग कळवायला लोक कचरतात, कारण पायऱ्या देता येत नाहीत. पायऱ्या नसतील तर मोजमाप द्या. "कधीकधी होतं" यापेक्षा "२० वेळा चालवलं, ३ वेळा अडकलं" हे कितीतरी उपयोगी आहे, कारण दुरुस्तीनंतर ती खरंच लागू पडली का, हे त्या आकड्यावरूनच ठरवता येतं. मशीनवर ताण असताना वाढतं का? प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालवलं तर थांबतं का? तपासायला कोडमध्ये प्रिंटची ओळ घातल्यावर नाहीसं होत असेल तर तेही लिहा. प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमधल्या (थ्रेड) शर्यतीचा बग असण्याची ती मोठी खूण आहे. शक्य असेल तर प्रोग्राम अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून बांधा किंवा वॅलग्रिंडखाली चालवा. मेमरीची चूक उशिरा आणि भलतीकडे फुटते, ही साधनं ती जागेवर पकडतात.

सुरक्षेचा बग चव्हाट्यावर नाही

दुसऱ्याचा डेटा दिसतो, पासवर्डशिवाय आत शिरता येतं, बाहेरून दिलेल्या मजकुरामुळे मनमानी कोड चालतो: असं काही सापडलं तर सार्वजनिक ट्रॅकरवर एक अक्षर लिहू नका. प्रकल्पाच्या कोडमध्ये 'सिक्युरिटी.एमडी' ही फाइल असते का, किंवा संकेतस्थळावर 'सिक्युरिटी.टीएक्सटी' असते का, ते पाहा. ही दुसरी फाइल २०२२ च्या आरएफसी ९११६ या इंटरनेटविषयक दस्तऐवजानुसार ठरावीक जागी ठेवतात आणि तिच्यात खासगी संपर्क दिलेला असतो. दोन्ही नसतील तर ट्रॅकरवर एवढंच विचारा: "सुरक्षेबद्दल खासगीत कुणाशी बोलू?" तपशील नको. दुरुस्तीला मुदत द्या आणि ती आधीच सांगा. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-गटामुळे ९० दिवसांची रीत बऱ्यापैकी रुळली आहे.

पाठवल्यानंतर

मेंटेनर प्रश्न विचारेल. त्याला विचारलेल्याचंच उत्तर द्या. तुम्हाला प्रश्न बावळट वाटला तरी ते करून पाहा. तुमची स्क्रीन त्याला दिसत नसते, तो बिचारा उंटावरून शेळ्या हाकत असतो. "सांगितलं होतं ना तसंच केलं" याऐवजी दिलेला आदेश आणि आलेलं उत्तर पुन्हा चिकटवा. "काही अपडेट?" असं दर दोन दिवसांनी विचारू नका. नवी आवृत्ती आली की त्यावर तपासून "३.० वर अजूनही होतं" असं लिहिणं, ही सर्वांत सभ्य आठवण.

किती गंभीर आणि किती तातडीचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटा नष्ट होतो, हे तुम्ही सांगा. आधी कोणता बग घ्यायचा, ते त्यांना ठरवू द्या. पॅच (दुरुस्तीचा बदल) आला तर तपासून निकाल कळवा. आणि बग तुमच्याच चुकीने होता असं लक्षात आलं, तर काय चुकलं ते लिहून इश्यू स्वतः बंद करा. पुढच्या माणसाला तेच उत्तर सापडेल.

ट्रॅकरवरचा कचरा

आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला येऊ. प्रकल्प तुमचा असेल तर बगपेक्षा जास्त वेळ कधीकधी कचरा उपसण्यात जातो. सगळा कचरा जाहिरातींचा नसतो.

सर्वांत निरुपद्रवी कचरा म्हणजे "मलाही होतं" आणि "+१". त्यावर उपाय साधा: अंगठ्याच्या खुणेनं मत द्यायला सांगा. डुप्लिकेट रिपोर्ट बंद करताना मात्र मूळ इश्यूचा दुवा द्या आणि त्यात काही नवी माहिती असेल तर ती तिकडे हलवा. चांगला डुप्लिकेट हा कचरा नव्हे, कित्येकदा त्यातले धागे मूळ रिपोर्टपेक्षा सरस असतात.

दुसरा प्रकार हावेतून येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या मुक्तस्रोताला हातभार लावायच्या उपक्रमातल्या टी-शर्टसाठी लोकांनी कुठल्याही प्रकल्पांना 'रीडमी' या माहितीच्या फाइलीत एखादा शब्द वाढवलेले बदल पाठवायचा सपाटा लावला. मेंटेनर इतके वैतागले, की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम फिरवावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून भाग घेतलाय त्यांचेच बदल मोजायचे. अशा लोंढ्याला एकेक उत्तर देत बसू नका. गिटहबवर 'इंटरअ‍ॅक्शन लिमिट' लावून नव्या खात्यांना २४ तासांपासून सहा महिन्यांपर्यंत थोपवता येतं.

तिसरा धोकादायक आहे. बग टाकल्यावर काही मिनिटांत एखादं अनोळखी खातं खाली लिहितं: "ही फाइल उतरवा, पासवर्ड अमुक, चालवली की प्रश्न सुटेल." २०२४ मध्ये गिटहबवर अशा टिप्पण्यांतून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरवले गेले. दुरुस्ती कोडच्या बदलाच्या रूपात, सगळ्यांना वाचता येईल अशी येते, कुलूपबंद झिपमधून नाही. टिप्पणी लपवा, खात्याची तक्रार करा, आणि मूळ रिपोर्ट करणाऱ्याला "ती फाइल उघडू नका" असं आवर्जून सांगा. त्याला ईमेलवर ती टिप्पणी आधीच पोचलेली असते.

चौथा प्रकार नवा आणि वेळखाऊ: एआयकडून लिहून घेतलेले रिपोर्ट. कर्ल या डेटाची ने-आण करणाऱ्या प्रोग्रामचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग २०२४ च्या सुरुवातीपासून याबद्दल जाहीरपणे बोलत आले आहेत, बक्षिसाच्या आशेने येणारे सुरक्षेचे खोटे रिपोर्ट हे त्यांचं मोठं दुखणं होतं. भाषा नम्र, मांडणी देखणी, आणि ज्या फंक्शनमध्ये दोष सांगितलाय ते कोडमध्ये नसतंच. लांबलचक वाद घालू नका. एकच प्रश्न विचारा: कोणता इनपुट दिला आणि तुमच्या मशीनवर नेमकं काय उमटलं? ज्याने खरंच चालवून पाहिलंय तो पाच मिनिटांत चिकटवतो. ज्याने नाही, त्याच्याकडून आणखी एक निबंध येतो. मग बंद करा. एआयने भाषा सुधारून दिली म्हणून रिपोर्ट आपोआप खोटा ठरत नाही, तेव्हा भाषेवरून निवाडा करू नका, पायऱ्या चालवून पाहा.

ईमेलवर बग घेणाऱ्या प्रकल्पांची गोष्ट थोडी निराळी. डेबियन या लिनक्स प्रणालीची बगव्यवस्था ईमेलवर चालते आणि तिचे पत्ते सगळ्या जगाला ठाऊक असतात, त्यामुळे स्पॅम ठरलेलाच. तुमचा पत्ताही असाच उघडा असेल तर तीन गोष्टी पाळा. स्पॅमला आपोआप "तुमचा मेल नाकारला" असं उत्तर पाठवू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा बनावट असतो आणि ते उत्तर भलत्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर पडतं. नाकारायचं तर सर्व्हर मेल घेत असतानाच नाकारा. दुसरं, ग्रेलिस्टिंग: अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा "नंतर या" असा तात्पुरता नकार द्यायचा. खरा सर्व्हर काही वेळाने पुन्हा येतो, घाईत असलेले बरेच स्पॅम पाठवणारे प्रोग्राम येत नाहीत. तिसरं, पहिल्यांदाच लिहिणाऱ्याचा मेल माणसाने पाहून सोडायचा आणि पुढे त्याला मोकळी वाट द्यायची. शब्दांवरून शिकणारी चाळणी वापरत असाल तर तिला स्पॅमइतकेच चांगले मेलही दाखवा, नाहीतर तिला सगळंच स्पॅम वाटू लागतं.

पण अडवलेल्या मेलांची रांग रोज एकदा उघडलीच पाहिजे. नवा पत्ता, ओळखीची नसलेली लिपी, सोबत फाइल: चाळणीच्या नजरेत हे स्पॅमचंच वर्णन आहे, आणि पहिल्यांदा बग कळवणाऱ्या माणसाचंही. माझा तो नीट लिहिलेला, ईमेलने पाठवलेला दुसरा रिपोर्ट चार दिवस अशाच रांगेत पडून होता. मला वाटलं, आधीच्या रिपोर्टामुळे लोक रागावलेत. तोच रिपोर्ट पुन्हा पुन्हा पाठवावा असा मोह झाला, पण तसं केलं असतं तर चाळणीची खात्रीच पटली असती. म्हणून पाचव्या दिवशी फाइल न जोडता, दुवा न देता दोन ओळी पाठवल्या: "मंगळवारी आयातीबद्दल एक रिपोर्ट पाठवला होता. तो पोचला का?" तासाभरात उत्तर आलं. रिपोर्ट रांगेतून बाहेर काढला होता आणि खाली एक प्रश्न होता: "'ग. पार्वती' चं निरीक्षण आम्ही चाचणीत घातलं तर चालेल का?"